वेटसूट बदलला, बीसीडी बदलली. आता शिसं किती लावायचं?

राजारामपुरी_रीफ | २ डिसेंबर, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात डायव्हिंग करणारे बोटांवर मोजण्याइतके असतील असं वाटायचं, पण मागच्या नेत्राणीच्या (कर्नाटकातलं मुर्डेश्वरजवळचं बेट) धाग्यावर बरीच गर्दी दिसली, म्हणून विचारतोय.

माझं वजन ८२ किलो. आतापर्यंतचं सगळं डायव्हिंग मालवण आणि नेत्राणीला. ३ मिमीचा पूर्ण सूट, दुकानाची जॅकेट बीसीडी (तरंगणं सांभाळायला हवा भरायचं-सोडायचं जॅकेट), हवेची ॲल्युमिनियमची टाकी आणि खाली जाता यावं म्हणून कमरेला ६ किलो शिसं. हे गणित बसलेलं होतं. शेवटी वर येण्याआधी सुरक्षेसाठी ५ मीटरला तीन मिनिटं थांबताना कधी वर ओढला गेलो नाही.

जानेवारीत तांबड्या समुद्रात जायचं ठरलंय, इजिप्तच्या बाजूनं. त्या दिवसांत तिथं पाणी २२ अंशांच्या आसपास असतं म्हणून ५ मिमीचा सूट आणि ५ मिमीचे बूट घेतले. त्याच झटक्यात जॅकेट बीसीडीच्या जागी स्टीलची बॅकप्लेट (पाठीवरची पाटी) आणि विंगही (तिला जोडायची हवेची पिशवी) घेऊन टाकली. (घरी फक्त सुटाचं सांगितलंय.)

आता ६ किलोचं किती करायचं? एक इन्स्ट्रक्टर म्हणाले दोन किलो वाढवा. एक मित्र म्हणतो आहे तेवढंच ठेव. तिसरा म्हणतो तिथं गेल्यावर बघ. तिघंही माझ्यापेक्षा जास्त पाण्यात असतात, मग कुणाचं ऐकू?

गंगावेस_भावा | ९:१४

तांबडा समुद्र वाचलं आणि पुढचं काय डोक्यात शिरलंच न्हाई. पांढरा कुठं मिळतोय तिथं?

सरळ_हिशोब | ९:३१

एवढं काय त्यात. अंगाच्या वजनाच्या दहा टक्के. ८२ चे ८. लावा आणि उतरा. मी गोव्याला ग्रँड आयलंडला असंच करतो, आजवर काही अडचण आली नाही.

नागाळापार्क_ताई | १०:२०

सरळ_हिशोब, तुमचा आकडा एखाद्याला बसेलही, पण रीत पटत नाही. दहा टक्क्यांत सूट कुठला, टाकी कुठली, पाणी कुठलं, यातलं काहीच येत नाही. आणि रीफ यांनी तर नेमकं तेच सगळं बदललंय.

सुटाशिवाय, बीसीडी रिकामी, श्वास सोडलेला अशा स्थितीत आपल्यातले बरेच जण समुद्रात जेमतेम तरंगतात, काही बुडतातही. शिशाचा मोठा भाग लागतो तो सुटासाठी. निओप्रीन म्हणजे बारीक बुडबुडे भरलेलं रबर. मध्यम अंगाच्या माणसाचा ३ मिमीचा पूर्ण सूट दीड ते अडीच किलो वर ढकलतो, ५ मिमीचा चार-साडेचारपर्यंत जातो. कापड, शिवण, माप यांप्रमाणे फरक पडतो. नवा सूट जुन्यापेक्षा जास्त तरंगतो, कारण वापरून वापरून आतले बुडबुडे बसत जातात.

मग टाकी. आपल्याकडं सगळीकडं मिळते ती ११.१ लिटरची ॲल्युमिनियम टाकी भरलेली असताना अर्धा-पाऊण किलो बुडती असते आणि रिकामी झाली की जवळजवळ दोन किलो तरंगती. हवेलाही वजन असतं हो! टाकीतला दाब २०० बारवरून ५० बारवर आला म्हणजे १६५० लिटरच्या आसपास हवा गेली. लिटरला साधारण १.२ ग्रॅम धरा, दोन किलो झाले. म्हणून डायव्हच्या सुरुवातीला आपण दोन किलो जड असायलाच हवं, नाहीतर शेवटी ५ मीटरला थांबायच्या वेळी टाकी वर घेऊन जाते.

राहिली बीसीडी. जॅकेटमध्ये फोम आणि पॅडिंग असतं, हवा सगळी काढली तरी ते स्वतः अर्धा-पाऊण किलो तरंगतं. स्टीलची प्लेट उलट वागते. अडीच किलोची प्लेट पाण्यात सव्वादोन किलोच्या आसपास खाली ओढते. नुसत्या या बदलानं तुमचं शिसं पावणेतीन-तीन किलोनं उतरायला हवं.

म्हणजे सुटाबुटानं वाढवलं ते प्लेटनं जवळपास खाल्लं. 'आहे तेवढंच ठेव' म्हणणाऱ्या मित्राला प्लेटचं माहीत होतं का? आणि इन्स्ट्रक्टरना? मला वाटतं त्यांना फक्त सूट सांगितला असणार.

राजारामपुरी_रीफ | १०:२६

ताई, बरोबर ओळखलंत. इन्स्ट्रक्टरना फक्त सूटच सांगितला होता.

गंगावेस_भावा | १०:३०

म्हणजे घरी सांगितलं तेवढंच त्यास्नी पण सांगितलं.

कागलचे_गुरुजी | ३ डिसेंबर, सकाळी ७:०५

वर्गात प्लावक बल (पाणी वस्तूला वर ढकलतं ते) शिकवताना मुलं विचारतात, सर हे कुठं उपयोगी पडणार. आता हा धागा दाखवीन.

ताईंच्या हिशोबात पाण्याची भर घालतो. गोडं पाणी लिटरला १ किलो, समुद्राचं साधारण १.०२५. सगळ्या सामानासकट तुमचं वस्तुमान ११० किलोच्या आसपास धरलं, तर गोड्या पाण्यातून समुद्रात जाताना अडीच किलोहून थोडं जास्त वजन वाढवावं लागतं. म्हणून स्विमिंग पूलमध्ये बसवलेला आकडा समुद्रात चालत नाही.

समुद्रासमुद्रातही फरक आहे. साध्या समुद्रात किलोमागं ३५ ग्रॅम मीठ असतं. तांबड्या समुद्राच्या उत्तर भागात ते ४० च्या घरात जातं, कारण बाष्पीभवन प्रचंड, पाऊस नगण्य आणि येऊन मिळणारी मोठी नदी एकही नाही. पाणी गार असल्यानं आणखी थोडं घट्ट. तुमच्यासाठी मालवणच्या मानानं अर्धा किलो जास्त धरा.

तालीम_ते_तळ | ७:४८

गुरुजी, एक शंका. मी लहानपणापासून तालमीत. विहिरीत पोरं पाठीवर पडून निवांत तरंगायची आणि मी दगडासारखा खाली. डायव्हिंगला पण मला सगळ्यात कमी शिसं लागतं. सोबतचा मित्र माझ्याच वजनाचा, त्याला तीन किलो जास्त. तो म्हणतोय माझी हाडं जड.

कागलचे_गुरुजी | ८:१५

हाडांपेक्षा चरबीचा हिशोब बघा. चरबीची घनता ०.९ च्या आसपास, स्नायूंची १ पेक्षा जास्त. एक किलो चरबी समुद्रात जेमतेम १४० ग्रॅम वर ढकलते. पाच किलो वाढलं तरी पाऊण किलोच्या आसपासच शिसं लागतं. त्यामुळं तीन किलोचा सगळा फरक तुमच्या मित्राच्या पोटावर टाकू नका. त्याचा सूट कोणता आणि तो श्वास कसा घेतो तेही विचारा. घाबरलेला माणूस फुप्फुसं भरलेलीच ठेवतो आणि त्यानंच दोन-तीन लिटर हवा जास्तीची आत राहते.

सरळ_हिशोब | ९:०२

सगळं मान्य. पण दोन किलो जास्त असलं तर बिघडलं काय? कमी पडलं तर वर उडणार, ते धोक्याचं. जास्त असलं तर बीसीडीत दोन फुंकर जास्त. मी निवांत खाली असतो.

देवबागचो_झिल | ९:४०

झिला, तां निवांतपण तुका कोणी सांगल्यान? खाली तू निवांत, माका वरसून दिसता तुझा हात इन्फ्लेटरार.

आता प्रमाण मराठीत सांगतो, सगळ्यांना कळू दे. इन्फ्लेटर म्हणजे बीसीडीत हवा भरायचं बटण. मी मालवणात बोटीवर काम करतो. पर्यटक पहिल्यांदा येतो तेव्हा आम्ही त्याला मुद्दाम थोडं जास्त शिसं लावतो. त्याला पोहता येत नसतं, छाती हवेनं भरलेली असते, आणि पूर्ण वेळ आमचा माणूस त्याला धरून असतो. किल्ल्याच्या बाजूला पाच-सात मीटरमध्ये फिरवून वर आणायचं असतं. त्या दिवशी ते शिसं बरोबर. पण तोच माणूस पुढं कोर्स करतो आणि तोच आकडा पाठ करून ठेवतो, "मला ८ लागतात". अरे, ते तुला नव्हते लागत, तुझ्या भीतीला लागत होते.

जास्तीचे दोन किलो असले की बीसीडीत दोन लिटर हवा जास्त ठेवावी लागते. वीस मीटरला ती दोन लिटर. दहाला आलास की तीन. पाचला चार. वर येताना ती फुगत जाते आणि तू सोडायला विसरलास की ती तुला घेऊन जाते. जास्त शिसंवालेच जास्त उडतात, मी बघतो ना रोज. शिवाय पाय खाली, डोकं वर, फिन्सनं वाळू उडवत जातात. मागच्याला काय दिसणार मग? पाण्याची नजर आधीच पाच-सहा मीटर.

सरळ_हिशोब | ९:५५

दादा, लागलं. पण माझा हात इन्फ्लेटरवर असतो हे तुम्हाला कसं ठाऊक?

देवबागचो_झिल | ९:५८

सगळ्यांचोच असता.

उचगावकर | दुपारी १:३०

मोजायची एक घरगुती रीत. नवा सूट आणला की मी शेतातल्या हौदात टाकतो. तुमच्याकडं पाण्याचा मोठा पिंप असला तरी चालेल. सूट पूर्ण भिजवायचा, उलटा करून पायानं तुडवायचा, आतली हवा जाऊ द्यायची. हे नीट केलं नाही तर मापात किलो-दीड किलोची गडबड. मग गुंडाळून कांद्याच्या जाळीच्या पिशवीत भरायचा आणि पिशवीत एकेक वजन टाकत जायचं. पाण्याच्या वरच्या थराला लोंबकळत राहिला, बोटानं ढकलला की खाली जाऊन संथ वर आला, की थांबा. जुन्या सुटाचंही असंच करा. दोन्हींतला फरक हा तुमचा खरा आकडा, कुठल्या तक्त्यावर विसंबायला नको. बूट, हूड, हातमोजे यांचंही जमतं. बीसीडीचं पण होतं, फक्त आतली हवा पूर्ण शोषून काढावी लागते.

शिरोली_कुपोला | संध्याकाळी ६:१०

विषय शिशाचा निघाला म्हणून. आमची फाउंड्री आहे, बीडाची. मागं दोघं डायव्हर आले, म्हणाले बाहेर वजनं महाग पडतात, तुम्ही ओतून द्या. मी नाही म्हटलं, पण त्यातला एकजण घरीच गॅसवर ओतायला निघाला होता, म्हणून इथं लिहितो.

शिसं ३२७ अंशांना वितळतं. आमचं बीड १४०० च्या आसपास ओततात, त्या मानानं हे सोपं वाटतं, आणि तिथंच माणूस फसतो. साच्यात ओलाव्याचा थेंब जरी असला तरी वाफ होऊन वितळलेलं शिसं तोंडावर उडतं. वर येणारी साय म्हणजे शिशाचं ऑक्साइड, ती धूळ होऊन घरभर पसरते आणि लहान पोरांच्या मेंदूला लागते. स्वयंपाकघरात तर अजिबात नको. बॅटरीतलं जुनं शिसं घेऊ नका, त्यात ॲसिड आणि बाकीचे धातू असतात. टायरवाल्याकडची बॅलन्सिंगची वजनं गोळा करतात काहीजण, पण त्यात आता जस्ताचीही येतात. जस्त ४१९ ला वितळतं, ते तसंच वर तरंगत राहतं आणि लोक आणखी आच लावत बसतात.

विकतची, वर प्लास्टिकचा थर दिलेली घ्या. पोहून झाल्यावर हात धुवा, तसेच मिसळीला बसू नका.

गंगावेस_भावा | ६:२२

बीडाचीच वजनं ओतून द्या की वो मग. जगात भारी कोल्हापुरी डायव्हिंग वेट. नाद खुळा.

शिरोली_कुपोला | ६:४०

देईन की. पण बीडाची घनता ७.२ च्या आसपास, शिशाची ११.३. एक किलो शिसं समुद्रात ९१० ग्रॅमचं काम करतं, एक किलो बीड ८६० चं. आकारानं दीडपट मोठं, आणि खाऱ्या पाण्यात आठवड्यात गंजणार. सुटावर तांबडे डाग पडले तर मला बोलू नका.

फुलेवाडी_नाका | रात्री ९:१५

जरा अवांतर, पण आपल्यासाठी महत्त्वाचं. आपण कोल्हापूरकर दुपारी डायव्ह करून संध्याकाळी गाडी काढतो आणि रात्रीच्या जेवणाला घरी. समुद्रसपाटीवरून थेट गगनबावडा नाहीतर फोंडा घाट चढून घाटमाथ्यावर सहाशे-सातशे मीटर, आणि कोल्हापूर साडेपाचशेच्या आसपास. डायव्हनंतर अंगात विरघळलेल्या नायट्रोजनचे उंचीवर बुडबुडे होऊ नयेत म्हणून विमानात बसायला तास मोजतो आणि घाटाला मोजत नाही. बरोबर आहे का हे?

नागाळापार्क_ताई | ९:४४

चांगला मुद्दा काढलात. ३०० मीटरच्या वर गेलं की डायव्हिंगच्या भाषेत ती उंचीच धरतात. विमानासाठीचा रुळलेला सल्ला असा: डीकॉम्प्रेशन (वर येताना घ्यावे लागणारे सक्तीचे थांबे) न लागलेला एकच डायव्ह असेल तर १२ तास थांबा, एकापेक्षा जास्त किंवा सलग दिवस असतील तर १८. तो ६०० मीटरच्या वरच्या केबिन-उंचीसाठी (विमानातल्या हवेचा दाब जेवढ्या उंचीवरच्यासारखा असतो ती) आहे. घाटमाथा बरोबर त्या सीमेवर येतो. माझी पद्धत अशी की दोन डायव्ह झाले की त्या रात्री मालवणातच मुक्काम आणि सकाळी उशिरा निघायचं. सोबतच्यांची कुरकुर सुरमईवर भागते. घाईच असेल तर सकाळी लवकर एकच उथळ डायव्ह करा आणि दुपार खाली किनाऱ्यावर काढा.

सरळ_हिशोब | ९:५०

किल्ल्याच्या बाजूला सहा मीटरला जाऊन मुक्काम? जरा जास्तच होतंय ताई.

नागाळापार्क_ताई | १०:०२

सहा मीटरला अर्ध्या तासासाठी मीही एवढं ताणणार नाही. पण नेत्राणीचे दोन खोल डायव्ह करून त्याच संध्याकाळी अंबोलीमार्गे वर येणारे मी पाहिलेत. मी लिहिलं ते त्यांच्यासाठी.

राजारामपुरी_रीफ | ७ डिसेंबर, रात्री ८:३०

उचगावकर, तुमची रीत केली. पाहुण्यांच्या शेतातला हौद मिळाला. शिसं हाताशी नव्हतं म्हणून कोपऱ्यावरच्या किराणावाल्याकडून जुनी लोखंडी मापं आणली. (तो विचारत होता, दळण आहे का.) सूट तुडवताना बुडबुडे संपता संपेनात, विशेषतः गुडघ्याच्या जाड पट्ट्यांतून. मान आणि मनगटं वर धरून पिळलं तेव्हा कुठं थांबले.

जुना ३ मिमी: २ किलोला लोंबकळला. नवा ५ मिमी: ४ ला वर, ५ ला तळाला, साडेचारला बरोबर मधोमध. नवे बूट: अर्ध्या किलोनं बुडाले. आधी मी पातळ मोजे घालायचो, ते धरलेच नाहीत.

म्हणजे तीन किलो वाढले ना?

कागलचे_गुरुजी | ८:५५

थोडे कमी. मापं लोखंडी होती. गोड्या पाण्यात किलोभर बीडाचं माप ८६० ग्रॅमचं काम करतं, शिसं ९१० चं. तीन किलो बीड म्हणजे शिशाच्या भाषेत २.८ च्या आसपास. प्लेट आणि जॅकेटचा फरक ताईंनी पावणेतीन ते तीन सांगितला, तोही शिशात तीनच्या जवळ जातो. मालवणसाठी साडेपाच-सहा येतंय. तांबड्या समुद्रासाठी अर्धा वर.

नागाळापार्क_ताई | ९:२५

हा आकडा सुरुवातीचा. आता पाण्यात तपासा, आणि तो इजिप्तच्या बोटीवर पहिल्यांदा नको, आधी मालवणात.

डायव्ह संपताना टाकीत ५० बार राहिले की बोटीपाशी, सोबती शेजारी असताना बीसीडी पूर्ण रिकामी करा. उभे राहा, फिन्स हलवू नका. नेहमीसारखा श्वास घेऊन धरा. पाणी डोळ्यांच्या रेषेत यायला हवं. श्वास सोडलात की हळूहळू डोकं खाली जायला हवं. श्वास धरलेला असतानाच खाली जात असाल तर शिसं जास्त, सोडूनही जात नसाल तर कमी. अर्ध्या-अर्ध्या किलोनं बदला. पाय नकळत हलतात आणि तेवढ्यानं माणूस वर राहतो, म्हणून घोटे एकमेकांवर ठेवा. भरल्या टाकीनं तपासायची वेळ आली तर जो आकडा बसेल त्यात दोन किलो मिळवा.

तुमच्यासाठी आणखी थोडं. प्लेट पाठीला बांधलेली, ती संकटात टाकून देता येत नाही. त्यामुळं बाकीचं शिसं सगळं टाकीच्या पट्ट्यावर नेऊ नका, काही तरी कमरेला, झटक्यात सुटेल असं हवंच. पट्टा इतर सगळ्या पट्ट्यांच्या वर, बकल उजव्या हातानं उघडणारं. आणि ५ मिमीचा सूट खाली दाबला जातो हे लक्षात ठेवा. दहा मीटरला दाब दुप्पट होतो, सूट चांगलाच पातळ होतो आणि वर आवळून बांधलेला पट्टा तिथं ढिला पडून कमरेवरून घसरतो. खाली पोचलात की एकदा आवळा. रबरी पट्टा आपोआप आवळून राहतो, जमलं तर तोच घ्या.

तालीम_ते_तळ | ९:४०

ताई, शिसं कुठं लावायचं यावर पण सांगा. माझे पाय सारखे खाली जातात.

नागाळापार्क_ताई | ९:५२

फिन्स कोणते आहेत? जुन्या पद्धतीचे जाड रबरी असतील तर ते स्वतःच बुडतात. फिन्स हलके घ्या किंवा कमरेचं किलोभर शिसं वर, टाकीच्या पट्ट्यावर सरकवा. टाकी दोन-चार इंच वर बांधूनही फरक पडतो, त्याला तर पैसेही लागत नाहीत.

राजारामपुरी_रीफ | १५ डिसेंबर, रात्री १०:०५

मालवणला जाऊन आलो (मुक्काम करून, सकाळी निघून). देवबागचो_झिल स्वतः पाण्यात होते.

६ किलोनं उतरलो. शेवटी ५० बारला तपासलं तर श्वास धरूनही कपाळ पाण्याखाली. एक काढला आणि पाचवर पुन्हा पाहिलं, पाणी डोळ्यांपाशी आलं. श्वास सोडला की संथ खाली. पाच नक्की. हौदातल्या हिशोबापेक्षा अर्धा-एक किलो कमीच लागलं. म्हणजे मालवणचा जुना ६ चा आकडा पण सैलच होता. खाली बीसीडीत हवा इतकी कमी लागत होती की सुरुवातीला चुकल्यासारखं वाटलं. पट्टा खरंच ढिला झाला, ताई म्हणाल्या तसा. चार किलो कमरेला, एक टाकीच्या पट्ट्यावर.

तिकडं साडेपाचनं सुरू करतो. तिथं बहुधा १२ लिटरची ॲल्युमिनियम टाकी मिळेल असं कळलंय.

नागाळापार्क_ताई | १०:३०

छान. टाकी हातात आली की आधी ती ॲल्युमिनियमची की स्टीलची ते विचारा. स्टीलची दिली तर ती रिकामी झाली तरी बहुतेक बुडतीच राहते, मग दोन-अडीच किलो आणखी उतरतील आणि प्लेट धरून तुमच्या कमरेला फारसं काही उरणारच नाही. तसं असेल तर ॲल्युमिनियमचीच मागा. आणि पंधरा-वीस डायव्हनंतर पुन्हा तपासा, तोवर नवा सूट थोडा बसलेला असेल.

देवबागचो_झिल | १०:४१

चांगलो उतरलो हां तो. वाळू उडवल्यान नाय.

सरळ_हिशोब | १६ डिसेंबर, सकाळी ८:२०

एक विचारू? माझा स्वतःचा सूट नाही. दर वेळी भाड्याचा, कधी नवा, कधी गुडघ्याला फाटलेला. मी कुठल्या हौदात काय बुडवू?

उचगावकर | ८:४५

वहीत लिहायला लागा. सूट किती मिमीचा, नवा की जुना, बीसीडी कसली, टाकी कसली, कुठलं पाणी, किती शिसं, आणि शेवटी ५० बारला पाणी कुठं आलं. चार-पाच नोंदी झाल्या की नवा सूट हातात घेतल्यावर अंदाज जवळ येतो. निओप्रीन अंगठ्यानं दाबून बघा, लगेच फुगून आलं तर जिवंत आहे, अर्धा किलो जास्त घ्या. दाबलेलं तसंच राहिलं तर मेलेलं, कमी घ्या.

सरळ_हिशोब | ९:१०

माझ्या लॉगबुकात जेवण कुठं केलं एवढंच लिहिलेलं आहे. येत्या शनिवारी कुणी मालवणला निघतंय का? सहा किलोनं सुरू करून खाली येतो, झिल यांच्या समोर.

फुलेवाडी_नाका | ९:१८

आम्ही तिघं निघतोय, पहाटे साडेपाच, गगनबावड्यानं. घाट चालू आहे का ते आदल्या रात्री बघून सांगतो. एक जागा आहे. शिसं आणू नका, तिथं मिळतंय. वही आणा.